गावाबाहेरच्या कॉलनीत राहायला जाताय? टेम्पो सगळ्यात शेवटी सांगा

धुळ्याच्या पेठेतल्या गल्लीतून देवपूरच्या पुढे वलवाडी शिवारात, जळगावच्या जुन्या गावातून पिंप्राळ्याकडे, भुसावळच्या भाड्याच्या खोल्यांतून स्वतःच्या रो-हाऊसमध्ये. खान्देशात सध्या ज्याला त्याला गावाबाहेर घर हवे आहे, आणि आम्हीही त्यातलेच. नव्या कॉलनीत आल्यापासून नातेवाईक आणि ऑफिसातली मंडळी तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून सगळे एकदाच लिहून ठेवतो.

सामान हलवणे हे यातले सगळ्यात सोपे काम आहे, पैसे दिले की होते. पाणी, लाइट आणि कागद मात्र पैसे मोजूनही वेळेवर होत नाहीत. म्हणून सुरुवात तिथून करायची.

१. पाणी: शेजाऱ्यांची दारे वाजवा

बिल्डर सांगतो, "चोवीस तास पाणी." म्हणजे टाकीत पाणी असेपर्यंत चोवीस तास. खरी माहिती हवी असेल तर त्याच ओळीतल्या दोन-तीन घरी जाऊन बाईमाणसाला विचारा, कारण पाणी भरायला रात्री कोण उठते हे घरोघरी ठरलेले असते. विचारायचे चारच प्रश्न: नळ कितव्या दिवशी येतो, किती वाजता येतो, किती वेळ राहतो, आणि मे महिन्यात काय होते. चौथा प्रश्न सोडू नका. दिवाळीत जोरात चालणारी बोअर मेमध्ये नुसती हवा फेकते. धुळ्याकडे असाल तर सरळ अहिराणीत विचारा, "पानी कितला दिनमा येस?" उत्तर मोकळे मिळते, वर चहाही मिळतो.

आता हिशेब. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. पाच माणसांचे ६७५ लिटर झाले. नळ सहाव्या दिवशी येत असेल तर चार हजार लिटरच्या वर साठा हवा. त्यात उन्हाळ्यात कूलरला रोज दोन-चार बादल्या आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी-नातवंडे धरा. म्हणून जमिनीखालची टाकी ५,००० लिटरपेक्षा लहान नको. यामागे आणखी एक कारण आहे. ट्रॅक्टरचा टँकर साधारण तेवढाच असतो. टाकी ३,००० ची असेल तर पैसे पूर्ण टँकरचे जातील आणि उरलेले पाणी शेजारच्या प्लॉटवरच्या बाभळीला. टाकीचे झाकण गेटजवळ आहे ना, टँकरचा पाइप तिथवर पोचतो ना, हेही बघून घ्या. काही घरांत ते झाकण पार मागच्या बोळात असते आणि पाइप स्वयंपाकघरातून न्यावा लागतो.

नळाला थेट मोटर लावायचा मोह सगळ्यांना होतो. ते बेकायदा आहे आणि पथक आले तर मोटर जप्त होते. शिवाय लाइन फुटकी असेल तर मोटर गटारीचे पाणीही ओढून आणते. दाब कमी असेल तर नळाचे कनेक्शन जमिनीखालच्या टाकीत खालच्या पातळीला सोडा आणि तिथून मोटरने वर चढवा.

टाकी नवी असेल तर एकदा भरून दोन-तीन दिवस ठेवा, सोडून द्या, पुन्हा भरा. सिमेंटचा वास आणि चव गेल्याशिवाय ते पाणी पिऊ नका. सोडलेले पाणी अंगणातल्या मातीवर घालता येते, वाया जात नाही.

बोअरचे पाणी किती जड आहे याची घरगुती परीक्षा म्हणजे तूरडाळ. घर ताब्यात घ्यायच्या आधी एक कॅन पाणी घरी आणा आणि रोजच्या कुकरमध्ये रोजच्या शिट्ट्यांवर मूठभर डाळ लावा. दाणा बोटात दाबल्यावर टणक लागला, वरणाऐवजी डाळ एकीकडे आणि पाणी एकीकडे राहिले, की समजा गीझरच्या कॉइलवर आणि नळाच्या जाळीवर पांढरा थर चढणार. नक्की आकडा हवा असेल तर पाणी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. नळाचे पाणी ५०० च्या आत असेल तर आरओ घेऊ नका, साधा फिल्टर पुरतो. आरओ जेवढे पाणी शुद्ध करतो त्याहून जास्त सोडून देतो, आणि सहाव्या दिवशी नळ येणाऱ्या घरात ते परवडत नाही.

शेवटचे: गावाबाहेर बहुतेक ठिकाणी भुयारी गटार नसते, सेप्टिक टँक आणि शोषखड्डा असतो. तुमचा शोषखड्डा तुमच्या बोअरपासून लांब असेल, पण शेजाऱ्याचा कुठे आहे? भिंतीपलीकडे लागूनच असेल तर बोअरचे पाणी पिण्यासाठी वापरू नका.

२. लाइट: मीटर कोणाच्या नावावर आणि कोणत्या दराचे

नव्या घरात बऱ्याचदा बांधकामासाठी घेतलेले तात्पुरते कनेक्शनच चालू असते. त्याचा दर घरगुती दरापेक्षा जास्त. "महिनाभरात मीटर येईल" असे सांगून ताबा दिला जातो आणि तो महिना लांबत जातो. ताबा घेण्याआधी तुमच्या नावाचे घरगुती मीटर बसवून मागा, किंवा निदान अर्ज केल्याची पावती तरी हातात घ्या. घर जुने, दुसऱ्याकडून घेतलेले असेल तर बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक महावितरणच्या अॅपवर टाकून थकबाकी बघा आणि खरेदीखत झाल्याबरोबर नाव बदलाचा अर्ज करा. जुन्या मालकाची संमती त्याच वेळी सहीनिशी घ्यावी. एकदा पैसे पोचले की माणूस फोन उचलेलच याची खात्री नाही.

नव्या कनेक्शनला मालकीचा पुरावा, ओळखपत्र आणि परवानाधारक वायरिंग ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. भार कमी लिहू नका. दीड टनाचा एसी दीड किलोवॉटच्या आसपास, गीझर दोन, एक हॉर्सपॉवरची मोटर पाऊण. हे तिन्ही एकदम चालतील असे धरून भार मागा. वळवाच्या पहिल्या वादळात गावाबाहेरची डीपी हमखास बंद पडते, तेव्हा इन्व्हर्टरसाठीची वायरिंग आधीच करून घेतलेली बरी. तक्रारीसाठी १९१२ हा नंबर आहे.

अर्थिंगकडे कोणी बघत नाही. आपल्याकडे मे महिन्यात जमीन पार सुकते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावालाच उरते. लोखंडी कूलर, त्यात पाणी आणि त्याला ओल्या हाताने लागलेले मूल: दरवर्षी वर्तमानपत्रात अशी बातमी असते. खड्डा कुठे आहे ते विचारून ठेवा, उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच, बसवलेला आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. नसेल तर तो खर्च आधी करा, पडदे नंतर.

ऊन आपल्याकडे फुकट आहे, त्यामुळे छतावर सोलर बसवायचा विचार बहुतेक जण करतातच. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. पण अर्ज वीजबिलावरच्या नावाने होतो. पुन्हा नाव बदलावरच गाडी येते.

३. कागद: रजिस्ट्री झाली म्हणजे काम झाले नाही

ही फाइल वेगळी करा आणि सामानाच्या खोक्यात टाकू नका:

- नोंदणीकृत खरेदीखत आणि सूची क्रमांक २, म्हणजे सगळे म्हणतात तो इंडेक्स टू
- सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, तुमच्या नावाचे
- बिनशेती आदेश आणि मंजूर ले-आउटची प्रत
- बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र
- घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या पावत्या, जुने घर असल्यास थकबाकी नसल्याचा दाखला
- वीजबिल
- ताबा पावती, तारखेसह

सर्वांत जास्त घोळ फेरफारात, म्हणजे सातबाऱ्यावर मालकाचे नाव बदलण्याच्या नोंदीत, होतो. खरेदीखत नोंदले की फेरफार क्रमांक पडतो आणि लोक निवांत होतात. क्रमांक पडणे आणि नोंद मंजूर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, तेव्हा कुठे सातबाऱ्यावर नाव चढते. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण चौकात तलाठी आप्पाच म्हणून विचारा, नाहीतर कोणी पत्ता सांगणार नाही. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो. महिन्याभराने तो काढून स्वतःचे नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, स्पेलिंगसकट.

धुळ्याची हद्दवाढ २०१८ मध्ये झाली. वलवाडी, महिंदळे, अवधान यांसारखी गावे महापालिकेत आली. अशा भागात जुन्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दाखवतात. तो जपून ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. महापालिकेच्या कर विभागात आकारणी कोणाच्या नावावर आहे, किती बाकी आहे, हे जाऊन विचारा. परवानगीपेक्षा जास्त बांधलेले असेल तर घरपट्टीवर शास्ती, म्हणजे दंड, लागू शकते, आणि ती भरायची वेळ तुमच्यावर येते.

४. रिकाम्या घराची परीक्षा

तापी-पांझरेच्या खोऱ्यातली काळी कसदार माती कपाशीला उत्तम, घराला त्रासदायक. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भराव नीट दाबला नसेल तर पोर्चची फरशी खचते, कंपाउंडची भिंत कलते, दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. केसासारखी प्लॅस्टरची भेग सगळीकडे असते, तिला घाबरू नका. बोटाचे नख आत जात असेल अशी तिरकी भेग मात्र जाणकार इंजिनिअरला दाखवा.

गच्चीवर पाणी तुंबवून दोन दिवस ठेवायला सांगा. खाली छताला ओल आली तर तिथल्या तिथे कळते. बाथरूममध्ये बादली ओता आणि पाणी जाळीकडे जाते की दाराकडे ते बघा. गच्ची पश्चिमेच्या उन्हात तापत असेल तर पांढरा परावर्तक रंग किंवा चुन्याचा हात मारून घ्या. कूलरची खिडकी कोणत्या भिंतीला आहे, बाहेर स्टँड बसेल का, त्याच्या पाण्यासाठी तोटी जवळ आहे का, हे नकाशात कोणी दाखवत नाही.

५. साप, विंचू आणि शेजारचे रिकामे प्लॉट

कॉलनी म्हणजे काल-परवापर्यंत शेत होते. उंदीर आहेत म्हणून नाग, घोणस, मण्यारही आहेत. राहायला जाण्याआधी अंगणातला विटांचा, फरशीच्या तुकड्यांचा ढीग हलवून घ्या, तोच त्यांचा आसरा. मोरीच्या पाइपला जाळी, दाराखाली रबरी पट्टी, मच्छरजाळीची दारे. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका, झोपायचेच असेल तर मच्छरदाणी गादीखाली खोचून. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश दुखतही नाही. साप चावला तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, देवऋषीकडे वेळ घालवू नका. माणसाला चालू न देता १०८ ला फोन करा आणि जिल्हा रुग्णालय गाठा. सर्पमित्राचा नंबर शेजाऱ्यांकडून पहिल्याच दिवशी घ्या.

६. घरभरणी आणि सामान एका दिवशी नको

आखाजी हा आपल्याकडे साडेतीन मुहूर्तांतला लाडका मुहूर्त, आणि त्या दिवशी पारा चाळिशीच्या वर असतो. वास्तुशांतीला मुहूर्त हवा असेल तर जरूर धरा, पण त्याच दिवशी सामान आणू नका. वास्तुशांती रिकाम्या घरात करावी. होमाचा धूर जातो, पंगत बसते, पाहुण्यांना टेकायला जागा राहते. दूध उतू घालायला एक शेगडी आणि एक भांडे पुरते. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा बेत असेल तर चूल बाहेर मांडा. बट्ट्या भाजायला गोवऱ्यांचा विस्तव लागतो आणि तो नव्या फरशीवर पेटवला की डाग कायमचा. जेवणाच्या पाण्यासाठी आणि हात धुण्यासाठी त्या दिवशी वेगळा टँकर सांगा, घरच्या टाकीवर भिस्त ठेवू नका.

सामानासाठी माझ्या मते दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. शाळेमुळे उन्हाळाच गाठावा लागला तर मृगाच्या आधी उरका. पक्का रस्ता नसलेल्या कॉलनीत एका पावसानंतर छोटा हत्तीसुद्धा काळ्या मातीत रुततो आणि कपाट डोक्यावर घेऊन यावे लागते.

७. सामान

टेम्पोवाल्याशी बोलताना भाडे हमालीसह की वगळून, वरच्या मजल्याचे वेगळे का, किती फेऱ्या, हे आधीच मोकळे करा. उन्हाळ्यात पहाटे पाचला भरायला लागा, अकराच्या आत उतरवून मोकळे व्हा. इन्सुलिनसारखी औषधे थंड डब्यात स्वतःजवळ ठेवा. फ्रिज उभा न्या आणि पोचल्यावर काही तास थांबून मग चालू करा.

धान्याची कोठी भरलेली उचलू नका, पत्रा वाकतो आणि हमालाची पाठ जाते. गहू-ज्वारी पोत्यांत काढा, कोठी नव्या घरी उन्हात तापवून मग भरा. पापड, कुरडया, बिबड्यांचे डबे सगळ्यात वर, त्यांच्यावर काहीही नको. मांड्याचे खापर असेल तर गोधडीत गुंडाळून रिक्षात मांडीवर. लोणच्याच्या बरणीचेही तेच. टेम्पोत ती नीट पोचल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

गॅस: त्याच गावात जात असाल तर एजन्सीकडे पत्ता बदला किंवा जवळच्या एजन्सीकडे कनेक्शन वर्ग करून घ्या. गाव बदलत असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या, ते दाखवून नव्या गावी कनेक्शन मिळते. गळतीसाठी १९०६.

८. पत्ता बदलण्याचा क्रम

क्रम चुकला की फेऱ्या वाढतात. आधी वीजबिल नावावर, त्या बिलावर आधार, आणि आधारवर बाकी सगळे: बँक, पॅन, मतदार यादीसाठी फॉर्म ८, लायसन्स, रेशन कार्ड. मतदार यादीचे काम निवडणूक जाहीर होण्याची वाट न बघता करा.

पत्ता लिहिताना कॉलनीच्या नावावर विसंबू नका. साई, गणेश, श्रीराम, समर्थ या नावांच्या कॉलन्या एकाच शहरात तीन-तीन सापडतात. गट नंबर, प्लॉट नंबर, जवळची शाळा किंवा पाण्याची टाकी आणि पिनकोड, असा पत्ता एकदा पक्का करा आणि सगळीकडे अक्षर न बदलता तोच द्या.

मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला जूनच्या आत मागा. आठवीपर्यंतच्या मुलाचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसे स्पष्ट आहे. मुख्याध्यापकांना हे नम्रपणे सांगता येते.

९. पहिल्या पावसानंतर

पहिल्या मोठ्या पावसानंतर घराभोवती एक चक्कर मारा. पाणी पायाजवळ तुंबते का, पोर्च खचला का, भेग वाढली का. बिल्डरकडून घेतलेले घर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, कक्षेत येत असेल तर ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातला दोष त्याने स्वखर्चाने, कळवल्यापासून तीस दिवसांत दुरुस्त करायचा असतो. फोनवर सांगू नका. "बघतो भाऊ, माणूस पाठवतो" याला तारीख नसते. भेगेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, पत्रासोबत जोडा, आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. सही द्यायला नकार दिला तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती वरच्या फाइलमध्ये, ताबा पावतीच्या मागे लावा.